काल्याचा हात

१

खुशालरावांचा फक्त हात मातीच्या वर होता. हातात पळसाच्या पानांचा द्रोण होता आणि द्रोणात काला. बाकीचे खुशालराव त्यांच्याच बैठकीच्या छपराखाली गाडले गेले होते.

घटकाभरापूर्वी सगळी कमानगल्ली विठ्ठलाच्या मंडपात होती. अमरावतीच्या परकोटाआतली ही गल्ली, आणि सप्ताहातला शेवटचा दिवस. काल्याच्या कीर्तनाला जो येत नाही तो एकतर परगावी असतो, नाहीतर अंथरुणाला खिळलेला. महाराजांनी निरूपण रंगवलं होतं. गोपाळांनी काला खाल्ला, आणि त्या हाताला लागलेली शितं मिळावीत म्हणून स्वर्गातले देव मासे होऊन यमुनेत येऊन बसले. कान्होबा मोठा मिश्कील. तो म्हणाला, "गड्यांनो, हात धुऊच नका. डोक्याला पुसा!" मंडप हसला. हंडी फुटली, दही-लाह्यांचा प्रसाद वाटला गेला आणि लहानथोरांनी बरबटलेले हात आपापल्या डोक्याला पुसले.

तेवढ्यात तो आवाज आला. आधी ढग गडगडल्यासारखा, मग एखादं मोठं जनावर धापकन बसल्यासारखा.

सूर्यभान जमादारांनी गळ्यातले टाळ तसेच ठेवून धाव घेतली. अकोल्याच्या पोलीस खात्यातून निवृत्त झालेला हा माळकरी माणूस दरवर्षी सप्ताहाला टाळकरी म्हणून भाचीकडे मुक्कामाला यायचा. पण गुडघे धावू देईनात. ते पोहोचले तेव्हा धुरळ्यात माणसं धडपडत होती. ढिगाऱ्यावरून शेजारच्या किशोरभाऊनं त्यांना हात दिला.

"या जमादार, सांभाळून. वरची माती अजून हलून राहिली."

हात गार होता, ओला होता. त्याचा आधार घेऊन जमादार वर चढले आणि त्यांना तो द्रोण दिसला.

पुढं हातांनीच माती उपसली गेली. सगळ्यांत जास्त उपसली ती किशोरनं. नखं फुटली तरी त्याला थांबवत नव्हतं. पण खुशालराव बाहेर आले ते डोळे मिटूनच.

त्यांचा पुतण्या शिवम दह्यानं भिजलेल्या बनियनमध्येच उभा होता. एकाएकी तो ओरडला, "काकाजींनी स्लॅब मागतला होता! छपर चांगलं हाय, हात लावू नका, असं लेहून देल्लं त्या इंजिनीअर बाईनं. तिनं मारलं माया काकाजीले!"

सगळी गल्ली वळली. मंडपाच्या खांबाला धरून आकांक्षा उभी होती, जमादारांची भाची.

२

कमानगल्ली वारसा क्षेत्र झाली त्याला तीनेक वर्षं झाली होती. घरांचे दर्शनी भाग, सागवानी कोरीव चौकटी, उंबरे आणि धाबं म्हणजे वरचं मातीचं सपाट छप्पर, यांतलं काहीही समितीला विचारल्याशिवाय बदलायचं नाही, असा नियम. समितीची इंजिनीअर आकांक्षा. नियम सांगायचा तर आपणही त्याच छपराखाली राहावं, म्हणून तिनं गल्लीतच खोली घेतली होती.

आता त्याच खोलीच्या दाराबाहेर माणसं उभी होती. ठाणेदार येऊन गेले. भले माणूस, पण त्यांचेही हात बांधलेले.

"जमादार, तुम्ही खात्यातले, म्हणून सांगतो. उद्या सांजेपर्यंत काही वेगळं निघालं तर ठीक. नाहीतर मला मॅडमवर गुन्हा घ्यावा लागेल. माणूस गेला आहे."

ते गेल्यावर आकांक्षा म्हणाली, "मामा, माझं चुकलं असेल तर मी जाते तुरुंगात. पण मयाल खराब नव्हती हो. आरपार सागाची तुळई. मी स्वतः ठोकून पायली."

"रडू नको, पोरी. चाल, पुन्हा पाहू."

"आत्ता? लोक..."

"लोक मायासमोर काही करत नाहीत. आन् केलं तं मंग पाहू."

दोघं गल्लीतून निघाले. श्रावणाची झड नुकतीच उघडली होती, धाबी पाणी पिऊन जड झाली होती. जो तो मान वर करून चालत होता. कुठं चिमूटभर माती गळली की बायका किंचाळत. पोराबाळांना घेऊन, गाद्यांच्या वळकट्या काखेत मारून माणसं मंडपात मुक्कामाला निघाली होती. ज्या छपराखाली सात पिढ्या निजल्या, ते छप्पर एका दुपारीत वैरी झालं होतं.

ढिगाऱ्यात मयाल तिरपी पडली होती. आकांक्षानं ती टोकापासून टोकापर्यंत चाचपली. वाळवी नाही, तडा नाही, करवतीचा दात नाही.

"मामा, कुजलेलं छपर मधून बसते. हे पाहा, हे टोक अजून खांबावरच अडकून हाय. हे एकाच बाजूनं उतरलं, भिंतीकडून." ती भिंतीतल्या, मातीनं बुजलेल्या खाचेकडं पाहू लागली. "आन् इथं मयालीच्या टोकाखाली काळ्या दगडाची फाडी असते. बसवलेली. गल्लीतल्या एकूण एक घरात हाय."

"मंग?"

"ती फाडी कोठी हाय?"

दोघांनी ढिगारा धुंडाळला. माती होती, फळ्यांचे तुकडे होते, खुशालरावांचा चष्मा होता. फाडी नव्हती.

दगड कुजत नाही, दगडाला वाळवी लागत नाही. तो कोणीतरी काढला होता.

मंडपातून सांजेच्या हरिपाठाचे सूर यायला लागले. रोज त्या सुरांनी जमादारांचा जीव निवायचा. आज अंगावर काटा आला. हे ज्यानं केलं तो आत्ता तिथंच बसला असणार, टाळ्या वाजवत, आपल्यातलाच एक होऊन.

३

खुशालराव एकटा जीव. बायको मागेच गेलेली, लेकरू नाही. मागच्या दोन खोल्यांत शिवम राहायचा.

सकाळी जमादार त्याच्याकडं गेले. शिवमचे डोळे सुजले होते. आकांक्षाच्या मामाला पाहून त्यानं तोंड फिरवलं.

"काकाजीसंगं भांडण झालं होतं म्हणे तुयं?"

"झालं होतं. इथं दुकानं काढू म्हटलं मी. गजेंद्रशेठ बांधून द्याले तयार होता. काकाजी म्हणे, मले फक्त स्लॅब पाहिजे, घर नाही मोडायचं. लय बोललो मी त्याईले. आता कोणासंगं भांडू, सांगा?"

"काल हंडी फुटली तवा कुठी होता?"

"खालच्या थरात. चौघंजणं मायावर उभे होते, जमादार. म्या हाललो असतो तं पडले असते सारे."

ते जमादारांनी स्वतः पाहिलं होतं. हंडीनंतर पोरांनी शिवमला उचलून मिरवलं होतं, तोवर तो मंडपाबाहेर गेला नव्हता.

गजेंद्रशेठ वेशीबाहेरच्या चहाच्या टपरीवर सापडला. गळ्यात जाड गोफ, ओठांत सुपारी.

"माह्यावर संशय? घ्या चहा, मंग घ्या संशय." तो मोठ्यानं हसला. "जमादारसाहेब, मी बिल्डर हाय. पाडायचं काम मी कागद हातात असल्यावर करतो, आन् जेसीबी लावून करतो, दिवसाढवळ्या. आतून भिंत पोखरायले मी काय घूस हाय?"

"भिंत पोखरली हे तुमाले कोणं सांगतलं?"

गजेंद्रचं हसू विझलं. "सारी गल्ली तेच म्हणून राहिली. काल तुमच्या भाचीनं दगड हुडकला ना." मग हळू आवाजात, "खरं सांगू? मीही काल इथंच निजलो, टपरीच्या बाकावर. बायकापोरं सासरी धाडली वरूडले. आमचंही घर धाब्याचंच हाय ना."

जमादार परतले. गजेंद्रला घराची किल्ली शिवमकडूनच मिळाली असती, आणि शिवमच्या रडण्यात खोट दिसली नव्हती. शिवाय मयाल उतरली तीही नेमकी सगळे मंडपात असताना. जमादारांच्या मनात आलं, याला माणूस मारायचाच नव्हता. घर रिकामं आहे असं समजून कोणीतरी फक्त छप्पर पाडलं. पण कशासाठी?

आकांक्षाच्या दाराशी पुन्हा गर्दी जमली होती. कोणीतरी तिच्या दारावर शेणाचा गोळा मारला होता. आत ती भिंतीला टेकून बसली होती.

"मामा, उद्या समिती बसते. सगळे म्हणतात नियम रद्द करा. केला तर अख्खी गल्ली पाडतील."

जमादार थबकले. नियम रद्द झाला तर कोणाचं भलं होतं? गजेंद्रचं, शिवमचं. आणखी कोणाचं?

भिंतीला दोन बाजू असतात. दुसऱ्या बाजूला किशोरभाऊंचं घर होतं.

४

किशोरचा उंबरा गुडघ्याइतका उंच. चौकट अशी अरुंद की अंग चोरून आत जावं. तिच्यावर कोरलेले मोर पाहायला मुंबईची माणसं यायची.

आत चाकांच्या खुर्चीत मैनाबाई बसल्या होत्या, किशोरची बायको. पाय गेल्यापासून ही बैठक हेच त्यांचं जग.

"या भाऊ," त्या म्हणाल्या. नजर सारखी वर जाई.

"भेव वाटते, बाई?"

"लय वाटते."

"छपराचं?"

मैनाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. आतून किशोर आला. कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, बोटांना चिंध्या बांधलेल्या. वरूडहून संत्र्याच्या गाड्या आणायचा धंदा करणारा, सप्ताहाला पंगतीत पाणी वाढणारा माणूस. गल्लीत याच्याविषयी वाईट बोलणारं तोंड नव्हतं.

"बसा जमादार. झोप नाही लागली ना? मलेही नाही. खुशालराव शेजारी नाही, भाऊच होता माया."

"तुमीही समितीकडं अर्ज केला होता ना, किशोरभाऊ?"

"हा उंबरा कापायचा होता. चौकट रुंद कराची होती, हिची खुर्ची जाईन इतकी." त्यानं मान हलवली. "नाही म्हणे बाई. लाकूड मोठं झालं, माणूस लहान. पण मले राग नाही, जमादार. नियम म्हणजे नियम."

"तुमी उचलून नेत नाही बाहेर?"

"दवाखान्यात नेतात," मैनाबाई एकदम बोलल्या. "पोत्यावाणी. मंग मीच म्हणते, नका नेऊ."

जमादारांची नजर फिरत होती. देव्हारा स्वच्छ, ताजी फुलं. पण सामाईक भिंतीवर, पार वर आढ्याजवळ, विठ्ठलाची एक मोठी तसबीर टांगलेली. हार नाही, गंधाचा ठिपका नाही. जिथं शिडीशिवाय हात पोचत नाही तिथं कोणता माळकरी देव लावतो? देव म्हणजे काही दिवा नव्हे, उजेड पडावा म्हणून उंच टांगायला.

तरी त्यांनी काही दाखवलं नाही. सहज विचारावं तसं विचारलं, "काल काला मिळाला ना तुमाले? मी तुमाले पायलंच नाही रांगेत."

"मिळाला ना! शेवटी होतो. खाल्ला न खाल्ला, आवाज झाला. तसाच पळत आलो."

"हात धुवून?"

किशोर दुखावल्यासारखा हसला. "काय जमादार! माळकरी माणूस मी. काल्याचा हात कोणी धुते का?"

जमादारांची नजर आपल्या तळहाताकडं गेली. त्यांनी मैनाबाईंकडं पाहिलं. ती बाई त्यांच्याकडं अशी पाहत होती, जशी विहिरीत पडलेली माणसं वरच्या उजेडाकडं पाहतात.

५

दुपार कलली तेव्हा ठाणेदार, आकांक्षा आणि जमादार असे तिघं किशोरच्या बैठकीत उभे राहिले. दाराबाहेर गल्ली दाटली होती. वर कुठंतरी लाकूड करकरलं आणि सगळी गर्दी एक पाऊल मागं सरली.

"किशोरभाऊ," जमादार म्हणाले, "काल तुमी मले हात देल्ला. तवा तुमी मातीले हातही लावला नव्हता. सगळ्या गल्लीचे हात दह्यानं चिकट होते, माया बी होता. तुमचा ओला होता, पाण्यानं. मले तवा उमगलं नाही. आज सकाळी तुमी हात धुतला असं म्हटलं असतं, सवय हाय म्हटलं असतं, तं मी गुमान उठून गेलो असतो. पण काल्याचा हात धुतला हे तुमच्या तोंडून निघेना. खोटं बोलायची पाळी आली तरी तेवढं पाप तुमाले अंगावर नाही घेववलं."

"ओला असन. घाम असन."

"मंग तेवढं देवाचं दर्शन करवा." जमादारांनी वर बोट केलं. "शिडी आना."

किशोर जागचा हलला नाही. ठाणेदारांच्या शिपायानं शिडी लावली, तसबीर उतरवली. मागं भिंतीत भगदाड होतं. भगदाडात काळी फाडी आडवी सारलेली होती, आणि तिच्या शेजारी गाडीचं चाक उचलायचा जॅक, ग्रीसनं माखलेला.

आकांक्षानं ते पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. "कीर्तनाच्या वेळी पोखरलं रोज. टाळमृदंगात कोणाले ऐकू जाणार? फाडी काढून मयाल जॅकवर तोलली. काल जॅक उतरवला. आणि ग्रीस साबणाशिवाय निघत नाही."

"हे खोटं हाय," किशोर पुटपुटला. "कोणीतरी ठेवलं..."

"आवो," मैनाबाई म्हणाल्या.

आवाज लहान होता, पण सगळ्यांच्या माना वळल्या.

"आवो, सांगून टाका. मायाच्यानं आता नाही होत. कालपासून तुमी माया तोंडाकडं पाहता अन् मले तुमचंच भेव वाटते." त्या जमादारांकडं वळल्या. "भाऊ, हे शिडीवर होते. जॅकच्या करकरीत त्याईले नाही, पण मले तिकडून आवाज आला. खुशालरावाचा. दरसाली काला घेऊन येत मायासाठी, मी जाऊ शकत नाही म्हणून. भिंतीपलीकडून म्हणे, मैनाबाई, वाटी घेतो अन् आलोच. मी ओरडली. थांबा, आत माणूस हाय! हे म्हणे, भेऊ नको, एका मिनिटाचं काम हाय. त्याईले वाटलं मी भेवानंच ओरडून राहिली. पुढचं ऐकलंच नाही त्याईनं."

किशोर खाली बसला, उंबऱ्यावरच. माळेचे मणी मुठीत धरून तो हलू लागला.

"माया देवा... रिकामं होतं घर, असंच वाटलं मले. एक छपर पडलं का नियम जाईन, असं वाटलं. नियम गेला का चौकट मोठी करू. हिले बाहेर नेऊ, मंडपात, काल्याच्या कीर्तनाले. येवढंच होतं माया मनात, जमादार. येवढंच."

शिवम दारापर्यंत आला. त्याच्या मुठी वळलेल्या होत्या. त्यानं किशोरकडं पाहिलं, मग खुर्चीतल्या बाईकडं. मुठी उघडल्या आणि तो वळून गर्दीतून निघून गेला.

ठाणेदार किशोरला घेऊन निघाले. दारात आकांक्षापाशी किशोर थबकला. "बाई, तुमी नाही म्हटलं नसतं तं..."

"मी नाही म्हटलं नव्हतं," आकांक्षाचा आवाज फाटला. "उंबरा कापू नका, एवढंच म्हटलं. पुढं सांगितलं होतं, वरून लाकडाचा उतार ठेवा, काढता-घालता येईल असा. आणि कवाडं बिजागरीतून उतरवली की खुर्ची बसते, मी मोजून पायलं होतं. तुम्ही पहिलं वाक्य ऐकून उठून गेलात, काका. मी दोनदा निरोप धाडला."

किशोरच्या चेहऱ्यावरचं सगळं पुसल्यासारखं झालं. मग त्याला गाडीत बसवलं.

गल्ली हळूहळू पांगली. कोणी एक बाई आकांक्षाच्या दारावरचं शेण मुकाट्यानं पुसायला लागली. जमादार आणि आकांक्षा तिथंच राहिले, कारण आत मैनाबाई एकट्या होत्या आणि त्यांना काही विचारायचं होतं, असं त्यांच्या तोंडावरून दिसत होतं.

त्यांनी उंबऱ्याकडं पाहिलं. मग आकांक्षाला म्हणाल्या, "पोरी, तो उतार कराले सुताराले कितीक वेळ लागला असता?"

आकांक्षानं जमादारांकडं पाहिलं. तिनं खोटं सांगावं असं त्यांना फार वाटलं.

"एक दुपार, काकू," ती म्हणाली.